निरुपमा फक्त सुरुवात करून द्यायची

दर मे महिन्यात आमच्या निवासी लेखन शिबिराच्या पहिल्या दिवशी आईबाप गाड्यांमधून उतरतात आणि मला घेरतात. जेवण तिखट असतं का, मुलींच्या मजल्यावर बाई कोण, पाणी फिल्टरचं ना, एसी का नाही. मी सगळ्यांना उत्तरं देते, कारण ती द्यायलाच हवीत. जे विचारायला हवं ते मात्र कोणी विचारत नाही, आणि माझं डोकं तापतं. निरुपमानं तर काहीच विचारलं नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "सरोजिनीबेन, आमच्या कांचनला लिहायची भारी आवड हं."

निरुपमा बडोद्याच्या नागरवाड्यातली. गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. नवरा माधव रिफायनरीत, पाळीवर. घरात मराठीच बोलायचं हा तिचा दंडक, आणि इथे तो पाळायचा म्हणजे रोजची कटकट, कारण दाराबाहेर पाय टाकला की पोरांची गुजराती सुरू. लेकीच्या वयाची असताना ती स्वतः फार छान लिहायची. पुढे लग्न, नोकरी, सासूचं आजारपण. लिहिणं मागे पडलं ते पडलंच. मग कांचन मोठी होऊ लागली, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा होत्याच. भाषण आईनं लिहायचं, लेकीनं पाठ करायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण निरुपमा लिहायची ते खरोखर सुंदर असायचं. बक्षिसं येत गेली. भाषणांनंतर निबंध, निबंधांनंतर कथा. "मी फक्त सुरुवात करून देते," असं ती म्हणायची, आणि मला वाटतं, तिला ते खरंही वाटायचं.

अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. शिबिराच्या प्रवेशासाठी आलेली कांचनची कथा वाचून मी सगळ्यांना सांगत सुटले होते, या वर्षी एक पोरगी येतेय, बघाच.

ती आली आणि गप्प बसली. वासणा भागातल्या एका शाळेचं वसतिगृह आम्हाला सुट्टीत मिळतं. तिथल्या व्हरांड्यात बाकीची मुलं लोळत, भांडत, एकमेकांची टर उडवत लिहायची. कांचन ताठ बसायची. पेन उघडं, कागद कोरा. "काहीही लिही गं," मी म्हटलं, "आज सकाळी उठल्यावर तुला काय वाटलं, तेच लिही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्याकडे भलतंच काही मागितलं होतं.

मोबाईल आम्ही जमा करून घेतो आणि संध्याकाळी घरी बोलण्यापुरता देतो. एका संध्याकाळी मी ऑफिसात शिरले, तर कांचन टेबलावर वाकून भराभर लिहीत होती. फोन स्पीकरवर होता आणि त्यातून निरुपमाचा आवाज येत होता, "पूर्णविराम. आता नवीन परिच्छेद."

मी फोन उचलला. "निरुपमा, हे काय चाललंय?"

"अहो बेन, ती हैराण होतेय तिथे. मी फक्त सुरुवात..."

"शिबिर संपेपर्यंत आता फोन बंद." माझा आवाज चढला होता. चिडले की मला आवरत नाही. ती हळूच "बरं" म्हणाली.

मग कांचननं जेवण सोडलं. "बेन, पेली छोकरी जमती नथी," आमचे स्वयंपाकी महाराज सांगत आले. पाहिलं तर खरंच, ताटाला हात लावलेला नव्हता. ताप नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं. लोकांचं लेकरू आपल्या भरवशावर असताना उपाशी राहिलं की दुसरं काही सुचत नाही. मी निरुपमाला बोलावून घेतलं.

ती दुपारच्या उन्हात रिक्षा करून आली, लेकीच्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या घेऊन. कांचन तिच्याशेजारी पलंगावर बसली. निरुपमानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "काय झालं बाळा? काय होतंय तुला?"

"तूच सांग ना, आई," कांचन म्हणाली. "मला काय होतंय?"

तिच्या बोलण्यात लटकेपणा नव्हता, राग नव्हता. ती खरंच विचारत होती. निरुपमाचं तोंड उघडलं. तिच्याकडे वाक्य तयार होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं, आणि ते चांगलंच असणार होतं. ते तिनं गिळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली.

"असं कसं? तुला माहीत असतं."

"नाही गं राजा. खरंच नाही."

"मग मी कोणाला विचारू?"

निरुपमा तोंडाला पदर लावून रडायला लागली. कांचन रडली नाही. ती उत्तराची वाट बघत होती.