वाघमोडे सरांची खूण

भागवत वाघमोडेवर मी लिहावं, असं आमच्या कॉलेजच्या लोकांनी बऱ्याचदा सुचवलं. प्रत्येक वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. मोतीबिंदू आहे, अक्षर दिसत नाही, ऑपरेशन झालं की बघू. कारण चांगलं टिकलं. मग गेल्या हिवाळ्यात मुलीने धरून नेलं आणि दोन्ही डोळे करून आणले. आता जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या कापडदुकानाची पाटी मला ओट्यावरून वाचता येते. डोळ्यांचा तसाही काही संबंध नव्हता. भागवतबद्दल लिहायचं तर त्याची नोकरी कशी गेली ते सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की माझ्याबद्दल लोकांचं जे बरं मत आहे, त्याचं काही खरं नाही. म्हणून टाळलं.

मी तेव्हा संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख होतो. तासिका तत्त्वावर शिकवायला एक माणूस हवा होता. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि दर जूनला नेमणूक नव्याने. मुलाखती संगणकाच्या लॅबमध्ये ठेवल्या होत्या आणि लॅबमध्ये चपला बाहेर काढायचा नियम. मुलाखती संपल्यावर दाराशी काळ्या सँडलांचा ढीग झाला, सगळ्या एकसारख्या. उमेदवार एकमेकांच्या सँडलमध्ये पाय घालून बघत होते. त्यातला एक उंच, किडकिडीत मुलगा मात्र सरळ आला, टाचेवर तांबडा ठिपका असलेला जोड उचलला आणि पायात सरकवला.

"हे काय लावलंय?" मी विचारलं.

"नेलपॉलिश, सर. बहिणीची हाय. आमच्या घरची खूण."

त्याचं गाव भोकरदनकडचं. आजोबांची मेंढरं होती. चरायला गेल्यावर चार घरचे कळप एकमेकांत मिसळायचे, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. यांची खूण म्हणजे पाठीवर गेरूचा एक ठिपका. वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली, तरी खूण करायची सवय याच्या हातात राहिली. डबा, पेन, हेल्मेट, लॅबमधली खुर्ची, सगळ्यांवर तांबडा ठिपका. एकदा त्याने प्रेमाने माझ्या छत्रीलाही लावला. तेव्हापासून मी छत्री कुठेही विसरलो, की लोक इमानदारीने ती भागवतला नेऊन देत. मागायला गेलो की म्हणायचा, "घ्या की सर, तुमचीच हाय. आता लोकाला ती माझी वाटती, त्याला मी काय करू."

बोलायचा फार. भोकरदनची बस उशिरा आली, की तो उशिराचं कारण सांगण्यात आणखी तेवढाच उशीर करायचा. डबा खाताना सगळ्यांच्या भाज्या चाखून निकाल द्यायचा आणि स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी कोणाला देताना मात्र चमच्याचं टोक वापरायचा. वर्गात मात्र त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. "सरासरी म्हंजे कळप," तो पोरांना सांगायचा. "पण निस्ता कळप बघू नका. कोणचं मेंढरू किती लांब गेलंय ते बघा. खरी इस्टोरी तिथं असती." पोरं हसायची आणि विसरायची नाहीत. माझ्या तासाला पोरं हसत नसत, विसरत मात्र असत.

त्याच सुमारास कागदी जर्नल बंद झालं आणि प्रात्यक्षिकं संगणकावरच्या नोटबुकात आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही एक वहीच असते. तिच्यात एकाखाली एक चौकटी. एकीत आपण मजकूर लिहायचा, दुसरीत आकडेमोडीचा हुकूम द्यायचा, की खाली लगेच उत्तर किंवा आलेख हजर. अडचण एकच झाली. सगळ्यांच्या वह्या एका फोल्डरमध्ये, आणि अर्ध्या वह्यांना पोरांनी नावच दिलेलं नसे. कोणती कोणाची, कळेना. कागदी जर्नलला कसं पहिल्या पानावर प्रमाणपत्र असायचं, खाली माझी सही. मी भागवतला म्हटलं, "प्रत्येक वहीच्या डोक्यावर आपोआप आपलं एक हेडर आलं पाहिजे. ठरलेलं, सगळीकडे एकच."

"म्हंजे खूण करायची," तो म्हणाला. "ते माझ्याकडं लागलं."

लगेच करून आणलं. नवी वही उघडली की पहिली चौकट तयार: विद्यार्थ्याचं नाव, प्रयोग कोणता, आकडे कुठून आणले. एवढंच. जुन्या वह्यांसाठी त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो फोल्डरभर फिरून प्रत्येक वहीच्या वर ही चौकट बसवायचा. मी उत्साहाच्या भरात तो दोनदा चालवला आणि प्रत्येक वहीला दोन-दोन हेडरं झाली. "रंग दिलेलं मेंढरू पुन्हा धरलंत व्हय सर," असं म्हणून त्याने प्रोग्रॅमला आधी खूण आहे का ते बघायला शिकवलं.

पण मला ते हेडर फार गरीब वाटलं. कॉलेजचं नाव नको? संस्थेचं चिन्ह नको? मी एकेक भर घालायला लावली. चिन्ह आलं, बोधवाक्य आलं, प्राचार्यांचं नाव आलं, विभागप्रमुख म्हणून माझं आलं, आणि सगळ्यांच्या वर संस्थेच्या अध्यक्षांचं नाव, फोटोसकट. लग्नपत्रिकेत नसतील इतकी नावं झाली. पडदा हेडरनेच भरायचा. पहिलं गणित दिसायला बराच वेळ खाली सरकावं लागे.

"सर, खूण येवढुशी असती," भागवत बोटाचं पेर दाखवून म्हणाला. "तुम्ही अख्खी मेंढी रंगवून राह्यलात. लोकर वाया जाती."

"तू घाल."

"घालतो. पण अध्यक्षाचं नाव नका घालू. माणसं बदलतेत. मंग मी कुठं कुठं पुसत फिरू?"

"आपले अध्यक्ष बदलतात होय रे," मी म्हणालो. ते मी नोकरीला लागल्यापासून तेच होते.

थोड्याच दिवसांत काही पोरांनी अध्यक्षांचा फोटो काढून त्या जागी एका नटाचा लावला. मला घाम फुटला. मी भागवतला म्हटलं, हे हेडर कोणाला हलवता येता कामा नये, पुसता येता कामा नये. त्याने चौकटीला कुलूप घातलं. म्हणजे आत अशी एक नोंद केली, की कितीही कळा दाबल्या तरी ती चौकट जागची हलणार नाही. काम झाल्यावर हात झटकत म्हणाला, "आता तुम्हाला बी न्हाई काढता येणार."

"मला कशाला काढायचंय?"

दिवाळीनंतर संस्थेत भांडणं झाली आणि अध्यक्ष बदलले. जुने अध्यक्ष कोर्टात गेले. भागवत माझ्या टेबलापाशी आला. "सर, खूण बदलू का? प्रोग्रॅम फिरवला की झालं. च्या प्यायच्या आत होतं बघा."

मी विचार केला, जुने परत आले तर? त्यांचा फोटो कोणी काढला, असं विचारतील. म्हटलं, "थांब. निकाल लागू दे."

"अन् निकालाच्या आधी कोणी लॅबमधी आलं मंग?"

"कोण येतंय लॅबमध्ये."

नवे अध्यक्ष आले. न कळवता, प्राचार्यांना बरोबर घेऊन. काहीतरी नवं दाखवा म्हणाले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रोजेक्टर लावला आणि हाताला आली ती वही उघडली. भिंतभर जुने अध्यक्ष प्रकटले, हार घातलेले, हसतमुख. मी घाईने काढायची कळ दाबली. ते हसतच राहिले. पुन्हा दाबली. मागच्या बाकांवर पोरांचे खांदे हलायला लागले.

"भारी घट्ट बसलेत," नवे अध्यक्ष म्हणाले. "आम्हाला बैठकीत उठवताना येवढा तरास झाला न्हवता." हसावं की नाही ते कोणाला कळेना. मग त्यांनी विचारलं, "काम कोणाचं हे?"

भागवत दाराजवळ उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. तक्रार नव्हती त्या बघण्यात. सर आता सांगतील, एवढीच वाट होती. मी म्हणालो, "संगणकाचं सगळं वाघमोडे सर बघतात."

वाक्य खोटं नव्हतं. इतकी वर्षं त्याच्या आड बसता आलं ते त्यामुळेच.

"हां साहेब, मीच केलंय," भागवत पुढे आला. "सर, जरा सरका." त्याने कुलूप काढलं, प्रोग्रॅम फिरवला, भिंत कोरी झाली. अध्यक्षांनी त्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

जूनमध्ये नेमणुकांच्या वेळी प्राचार्यांनी मला बोलावलं. "वाघमोडेंना यंदा घेऊ नका, असं वरून आहे. तुमची काही हरकत?" माझी निवृत्ती तोंडावर आली होती आणि पेन्शनचे कागद संस्थेच्याच हातून जायचे होते. मी म्हणालो, हरकत नाही. चहा आला, तो प्यायलो.

संध्याकाळी भागवतचा फोन आला. "सर, यंदा कसं?"

"खूप भांडलो रे तुझ्यासाठी," मी म्हणालो. हे कुठून तोंडात आलं, मला अजून कळलेलं नाही. "ऐकलंच नाही वर कोणी."

"तुम्ही कशाला भांडलात सर. तुमची पेन्शन राह्यलीय अजून. चुकलं माझंच. तुम्हाला तवाच थांबवाया पायजे होतं. मला बराबर सांगता आलं न्हाई."

पुढे त्याने भोकरदनला एका खताच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि क्लास काढला. कॉलेजपेक्षा बरं चाललंय, असं तो फोनवर सांगायचा. ते खरं नव्हतं हे मला इतरांकडून कळत होतं. तासिकांसाठी तो घनसावंगीपर्यंत जाऊन आला होता. जिथे जाई तिथे आधीचं कॉलेज का सोडलं, हा प्रश्न यायचा.

निवृत्तीनंतर मी एकदा बसने भोकरदनला गेलो, फक्त सगळं सांगून टाकायला. जिना चढून वर गेलो तर तो शिकवत होता. मला बघून थांबला, पाया पडला आणि पोरांना म्हणाला, "उठा रे. हे माझे सर. तुम्हाला सांगितल्तं न्हाई का, माझ्यासाठी अध्यक्षाशी भांडले ते." पोरं उभी राहिली. एका मुलीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी हात जोडून नमस्कार केला. दुसरं काय करणार होतो.

क्लास सुटल्यावर मी सुरुवात केली. "भागवत, त्या दिवशी लॅबमध्ये जे झालं..."

"सोडा ना सर आता. तुम्ही लई मनाला लावून घेता." आणि त्याने दुकानदाराच्या मोसंबीच्या बागेची गोष्ट काढली. ती नेहमीप्रमाणे लांबली आणि नेहमीप्रमाणे मजेदार होती. मी पोटभर हसलो. परतीच्या बसपर्यंत पोचवायला तो आला, मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात दिली, मला जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी हुज्जत घातली. बस निघाली तेव्हा मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी गेलो तो त्याच्या दहाव्याला. छातीत कळ आली, जालन्याला आणेपर्यंत संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच्या बायकोने, सुनंदाने, मला बघितलं आणि पुढे आणून बसवलं. "सर, तुमचं नाव लई घ्यायचे ते. चार शब्द बोला."

मी उभा राहिलो. मेंढरांची सरासरी सांगितली, छत्रीची गोष्ट सांगितली. रडून थकलेली माणसं थोडी हसली. सुनंदाही हसली. तिच्याकडे बघत मी आणखी बोलायला तोंड उघडलं, आणि हात जोडून खाली बसलो. तिथे बोलायचं होतं ते एवढंच होतं: भागवत, नाव मी घालायला लावलं, कुलूप मी लावायला लावलं, बदलू नको असंही मीच म्हणालो, आणि तुझ्यासाठी मी कोणाशीही भांडलो नाही. मला माफ कर.