बुटातली लोकर

आमच्या तेतस्के आत्याला फुलांचं कधीच वेड नव्हतं. तिच्या अंगणात चिखल आणि बदकं. पण चर्चमागच्या सात वैमानिकांच्या थडग्यांपैकी शेवटचं थडगं मात्र तिनं चाळीस वर्षं पाळण्यातल्या लेकरासारखं सांभाळलं. महायुद्धात, एकोणीसशे त्रेचाळीसच्या जानेवारीत, रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघालेलं त्यांचं विमान जर्मनांच्या ताब्यातल्या आमच्या गावात, आमच्याच कुरणात कोसळलं. सातही पोरं गेली. शेवटचं थडगं लेस हॅननचं. ऑस्ट्रेलियातला, वीस वर्षांचा. गावातल्या बाया कुजबुजायच्या, "तेतस्केचा जीव होता बरं त्याच्यावर!" अहो, तेव्हा ती आठ वर्षांची होती! काय बोलायचं या बायांना?

गेल्या मे महिन्यात लेसची बहीण मर्ना पहिल्यांदाच आली. घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, म्हणून मीच दुभाषी. कॉफी पिऊन झाल्यावर मर्नानं आत्याचे हात धरले. "माझ्या भावाचं तुम्ही इतकं केलंत. हे उपकार कसे फेडू?"

आत्याचा चेहरा उतरला. "ग्रीत, सांग तिला. जर्मन शिपाई यायच्या आत माझ्या आईनं त्याचे बूट काढून घेतले. आतलं मेंढीच्या लोकरीचं अस्तर कापून मला बंडी शिवली. त्याला अनवाणी पुरलं."

माझं डोकंच फिरलं. "आत्या, वेड लागलंय का तुला? बाई किती लांबून आलीय! मी नाही सांगणार."

"सांगतेस, की मी हातवारे करू? चाळीस वर्षं फुकटचं कौतुक ऐकतेय गं. आता नाही सोसवत."

सांगितलं. काय करणार? मर्नानं हात सोडवून घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "ऊब लागायची का त्या बंडीत?"

"दोन हिवाळे अंगावरून काढली नाही," आत्या म्हणाली आणि रडायलाच लागली.

मर्नाचेही डोळे भरले. "आमच्या आईला एकच घोर होता. म्हणायची, माझ्या लेसनं बॉम्ब टाकले, त्यांच्याखाली पोरंबाळं असतील. मरेपर्यंत तिला नीट झोप लागली नाही. एका तरी पोरीला त्याच्यामुळे ऊब मिळाली, हे तिला कळायला हवं होतं."

आता हे मी आत्याला सांगायचं होतं. पण मीच रुमालात तोंड खुपसून रडत होते.

"काय म्हणतेय ती?" आत्या माझा दंड हलवत विचारत होती. "शिव्या देतेय का? सांग की गं!"