पेटाऱ्यात गेलेली स्पॅनिश बाई

मंडळी, आत्ता तासाभरापूर्वी माझं डोकं फिरलं, म्हणून इथे लिहितेय.

ऐंशीच्या दशकात, तिकडे उत्तरेत मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये टीव्हीवर एका स्पॅनिश ग्रुपचा कार्यक्रम लागला होता. चौघं गाता गाता अख्खं नाटक करायचे. काळ्या झग्यातली बाई पेटाऱ्यात शिरली, झाकण पडलं आणि आमच्या कॉलनीची बत्ती गुल! अर्धी कॉलनी आमच्या खोलीत घामाघूम होऊन ताटकळली. शेवटी आईच चादर पांघरून उठली आणि तोंडाला येईल त्या स्पॅनिशमध्ये गात तिनेच शेवट करून टाकला. शेजारच्या मिश्रा आंटी हसून हसून रडल्या.

आज तोच कार्यक्रम मोबाइलवर सापडला. आईला मुद्दाम उठवून बसवलं. पेटारा आला आणि माझ्या लेकाने बोट फिरवून व्हिडिओ थेट शेवटच्या टाळ्यांवर नेला! म्हणे, "मम्मी, बहुत स्लो है यार!"

चाळीस वर्षं थांबलेय मी त्या झाकणासाठी! अशी ओरडले की शेजारी डोकावले.

आईने मात्र शांतपणे शाल डोक्यावरून घेतली आणि बसल्या जागी तिचं तेव्हाचं तेच गाणं सुरू केलं. लेक आ वासून बघत राहिला. संपल्यावर म्हणतो, "नानी, फिर से! रेकॉर्ड करना ही भूल गया!"

सांगा, आता याला ओरडू तरी कशी?