मधली भिंत, साडेचार इंच

विकायला काढलेल्या घरात गिऱ्हाईक आलं, तर तुम्ही त्याला सगळ्यात आधी भिंतीची ओल दाखवाल का? खरं सांगा. तुम्ही त्या कोपऱ्यात कपाट सरकवाल, उदबत्ती लावाल आणि खिडकीतून वारा कसा येतो ते सांगाल. मीही तेच केलं असतं. आमच्या शेजारच्या काकांनी मात्र ओल दाखवली, आणि नुसती दाखवली नाही, तिच्यावर लाल टॅग लावला, खाली तारीख घातली आणि सही केली. कल्याणपासून कर्जतपर्यंत आजवर जेवढी घरं विकली गेली असतील, त्यांत मालकाने स्वतः नापास केलेलं हे एकमेव घर असणार. असा माणूस आमच्या एमआयडीसीत एकच निपजला तेही बरंच झालं, कारण दोन असते तर एकही कंपनी चालली नसती.

काका तिथल्या एका कंपनीत तपासणीस होते. कंपनी व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवायची. तयार मालाच्या प्रत्येक पेटीला टॅग बांधायचा, ही तिथली पद्धत. हिरवा म्हणजे माल पास. पिवळा म्हणजे दुरुस्त करून आणा. लाल म्हणजे नापास, परत भट्टीत. टॅगवर भागाचं नाव, शेरा, तारीख आणि तपासणाऱ्याची सही. बाकीचे तपासणीस सुटी झाली की टॅग कंपनीत ठेवून घरी येत. काका ते शर्टाच्या खिशात घालून आणत. पालेगावात एका लग्नाला गेले असताना त्यांनी मंडपाच्या एका खांबाला लाल टॅग बांधला. नवरीच्या मामांना वाटलं ही काही मानाची रीत असेल, म्हणून त्यांनी त्या खांबाला हळदकुंकू वाहिलं. पहिली पंगत उठायच्या आत खांब कलला. सगळे धावले, आणि काका हातातली जिलबी संपवून शांतपणे म्हणाले, "कुंकू लावून माप सुधारत नाही."

काकूंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "एवढ्या वर्षांत मला कुठला टॅग लावलात ते तरी कळू द्या."

"तपासणी चालू आहे."

"मग तपासणी होईपर्यंत चहा स्वतः करून घ्या."

बुवापाड्यातल्या आमच्या बैठ्या चाळीत त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. माझे वडील युनियनचं काम करायचे, त्यामुळे मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केला आणि पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागले. घड्या घालायला काका यायचे. कडेला कड न जुळलेलं पत्रक ते बाजूला काढून ठेवत. माझं लिखाणही त्यांच्या तपासणीतून सुटलं नाही. "'हजारो कामगार' लिहिलंयस. मोजलेस?" किंवा, "'प्रचंड' हे माप नाही, पोरी." मग पिवळा टॅग. माझ्या पहिल्या सहा पत्रकांना पिवळाच होता. सातव्याला त्यांनी काहीच लावलं नाही, तेव्हा मला रात्रभर वाटत राहिलं की ते वाचायचेच विसरले.

आणि मग एके दिवशी कंपनीने काकांचा सगळा विभाग दुसरीकडे हलवायचं ठरवलं. माणसं सोडून. प्रत्येकाच्या हातात टाइप केलेला एक कागद दिला: मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. सही केली तर थोडे जास्तीचे पैसे लगेच. बहुतेकांनी केली. मी त्यांना दोष देत नाही, घरात तांदूळ लागतातच. पण मला रागाने झोप आली नाही, कारण नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला सरकारकडून तीन महिने निम्म्या पगाराइतका बेकारी भत्ता मिळतो, आणि तो आयुष्यात एकदाच. ज्याने नोकरी स्वतःहून सोडली, त्याला तो मिळत नाही. 'स्वेच्छेने' हा शब्द तेवढ्यासाठीच तिथे बसवलेला होता. मी त्यावर पत्रक लिहायला घेतलं. ते छापून येईपर्यंत काकांनी आपला कागद वाचून लाल टॅग बांधून परत केला होता.

साहेब म्हणाले, "काका, फॉर्मॅलिटी आहे. सही करा आणि मोकळे व्हा."

"मी मोकळा होत नाहीये साहेब, तुम्ही मला मोकळा करताय. तसं लिहा."

तसं लिहून मिळेपर्यंत ते तीन आठवडे रोज डबा घेऊन गेटवर उभे राहिले. घोषणा नाही, शिवी नाही. शेवटी कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं, ते घरी आणून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं, दोनदा वाचलं आणि हिरवा टॅग लावला. नोकरी गेल्याच्या पत्राला हिरवा टॅग लागलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

भत्ता सुरू झाला तशी नवीच पंचाईत. काम न करता पैसे घ्यायचे कसे? मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की ही भीक नाही, तुमच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला विम्याचे पैसे कापले गेलेत, हा तुमचा हक्क आहे. त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून निम्म्या पगाराची निम्मी ड्युटी सुरू केली. सकाळी सात ते अकरा. चाळीतले नळ, गटारावरची झाकणं, बालवाडीच्या बाकांचे स्क्रू, सार्वजनिक संडासाच्या कड्या, सगळं तपासून झालं. अकराच्या ठोक्याला हातातला पाना खाली. एकदा आमचा नळ अर्धवट खोललेला होता आणि आई ओरडत होती, तर काका हात पुसत म्हणाले, "आता उद्या सात वाजता." मग दोन मिनिटांनी स्वतःच परत आले. "हे शेजारी म्हणून," असं म्हणून त्यांनी नळ बसवला. दुपारी ते काम शोधायला निघत. शेअर रिक्षाने एमआयडीसी, तिथून गेटागेटावर चालत. वय विचारलं की खरं सांगत, त्यामुळे लवकर घरी येत.

तीन महिन्यांचा भत्ता म्हणजे काही जन्माची सोय नव्हे. त्यांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि फी भरायची तारीख जून संपताना होती. काका-काकूंनी ठरवलं, खोली विकायची, बदलापूरला पार आतल्या बाजूला भाड्याने राहायचं, मुलीचं शिक्षण पुरं करायचं. ठरवताना आवाज चढला नाही. मधल्या भिंतीतून आम्हाला नेहमी सगळं ऐकू येई. त्या संध्याकाळी फक्त काकू भांडी घासत होत्या ते ऐकू आलं, बराच वेळ.

खोली विकायची म्हटल्यावर काका आधी भत्त्याच्या कार्यालयात गेले. मी सोबत होते. खिडकीतल्या बाईंना ते म्हणाले, "मी बेकार आहे आणि भत्ता घेतोय. पण घर विकतोय, म्हणजे हातात मोठी रक्कम येणार. हे कुठे नोंदवायचं?"

"काका, घर तुमचं. विका. त्याचा भत्त्याशी संबंध नाही."

"पण नोंदवायचं कुठे?"

"त्याचा रकाना नाही फॉर्ममध्ये."

काकांनी खिशातली पट्टी काढली, फॉर्मच्या खाली सरळ रेषा मारून एक रकाना आखला आणि त्यात लिहिलं: राहते घर विकत आहे. बाईंनी फॉर्मकडे पाहिलं, मग काकांकडे, मग आमच्या मागच्या रांगेकडे. आणि त्या रकान्यावरही शिक्का मारला. सरकारी कार्यालयांविषयी मी बरंच कडक लिहिलं आहे आणि लिहीत राहीन, पण त्या बाई मला आठवतात.

घर विकायला उल्हासनगरचा एक एजंट धरला. बडबड्या, मनाचा चांगला, सिंधी रिवाजाने प्रत्येकाला साईं म्हणणारा. तो पहिली पार्टी घेऊन आला तेव्हा खोलीभर टॅग फडफडत होते. मागच्या भिंतीला लाल: पावसात ओल, दोन हात उंचीपर्यंत. दाराच्या चौकटीला लाल: आठ मिलिमीटर तिरकी. मोरीच्या उताराला पिवळा, ओट्याच्या कडाप्प्याला पिवळा. त्या पार्टीला वाटलं ही जप्तीची कारवाई आहे. चप्पल न काढताच ती माणसं परत गेली.

"काका साईं, ये क्या किया? धंदा है ये. अपना दाग कौन दिखाता है?"

"भिंतीचा दाग आहे. लपवला तर माझा होईल."

मग रोजचा खेळ सुरू झाला. एजंट येऊन टॅग काढायचा, काका पुन्हा लावायचे. एजंटने युक्ती केली. दुकानांची फुकट मिळालेली कॅलेंडरं आणली आणि दिसेल त्या टॅगवर टांगली. काका ती उतरवायचे. पार्ट्या येत, वाचत, निघून जात. भत्त्याचा शेवटचा दिवस आला, काकांनी अकरा वाजता पाना पुसून ठेवला आणि म्हणाले, "आता मी खरा बेकार." फीच्या तारखेला बारा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. "तुझं ऐकतात ते. सांग ना त्यांना. एक दिवस, एक पार्टी येईपर्यंत. मी काय चोरी करायला सांगते का?"

मी गेले. तत्त्वांवर आजवर कितीतरी पत्रकं लिहिलेली मी काकांना म्हणाले, "काका, एक दिवस टॅग काढा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "साहेबांनी पण मला हेच सांगितलं होतं ना? एक सही."

मी आमच्या खोलीत येऊन बसले.

दोन दिवसांनी एजंट एका बाईंना घेऊन आला. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, रात्रपाळी करून सरळ आल्या होत्या. नवरा नाही, सात वर्षांची मुलगी. त्यांनी आजवर वीसेक खोल्या बघितल्या होत्या. "सगळीकडे छान छान म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि मला रात्रपाळी असली की पोरीला ठेवायची कुठे ते कुणी सांगत नाही." त्या प्रत्येक टॅगजवळ थांबल्या, चष्मा लावून वाचलं. एजंट घाम पुसत होता. मी दारात उभी होते. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी मधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एकच कॅलेंडर उरलं होतं.

"आणि याच्या खाली काय लपवलंय?"

एजंट डोळे मिटून म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं, छोटा सा..."

बाईंनी कॅलेंडर उचललं. खाली हिरवा टॅग होता. काकांचं बारीक, सरळ अक्षर. भागाचं नाव: मधली भिंत. जाडी: साडेचार इंच. शेरा: पलीकडे हाक ऐकू जाते. माणसं येतात. पास.

एजंटने कॅलेंडरं टांगताना रंग बघितले नव्हते. काकांनी लाल-पिवळ्यांवरची सगळी उतरवली आणि हे एक राहू दिलं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "दोष झाकता येत नाही. पास झालेला माल झाकला तरी चालतो."

बाईंनी टॅग पुन्हा एकदा वाचला आणि मला विचारलं, "तुम्ही पलीकडच्या?"

"हो."

"हाक मारली तर याल?"

"येऊ," मी म्हणाले. मी दिलेल्या शब्दांपैकी हा एक असा आहे की त्याला काकांनी पिवळा टॅग लावला नाही. बाईंनी ओलीपायी भाव थोडा पाडला, काकांनी तो लगेच मान्य केला, आणि बयाण्याच्या पैशातून फी तारखेच्या तीन दिवस आधी भरली गेली.

टेम्पो निघाला त्या सकाळी काकू गॅसची शेगडी मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीच्या बंदाला हिरवा टॅग बांधलेला मी पाहिला. त्यावर तारीख लग्नाची होती. काकूंना तो बदलापूरला पोचल्यावर दिसला म्हणे, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "एवढा वेळ लागतो का तपासणीला?"

काका आता बदलापुरात एका छोट्या शेडमध्ये तपासणीस आहेत. पगार जुन्याच्या निम्मा, ड्युटी पूर्ण. मी त्यांना निम्म्या ड्युटीची आठवण करून दिली, तर म्हणाले, "पगार किती आहे ते मालाला माहीत नसतं." यावर एक पत्रक लिहिता येईल, आणि मी ते लिहिणार आहे. पण ते वाचून तपासायला आता कोणी भिंतीपलीकडे नाही. पलीकडे एक लहान मुलगी पाढे म्हणते. आई रात्रपाळीला गेली की ती तीनदा भिंतीवर टकटक करते, आणि माझी आई उठून जाते. टॅग अजून तिथेच आहे, कडेला थोडा वळलेला.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या भिंतीपलीकडेही कुणी कामावरून घरी बसलं असेल. आज संध्याकाळी त्याचं दार वाजवा. त्याच्या हातात कंपनीचा कागद असेल, तर सही करण्याआधी तो तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. आणि 'स्वेच्छेने' हा शब्द आला की तिथे त्याला थांबवा.