रविवारची मुक्तिफेरी

दर रविवारी गावातून माणसं फिरवायची म्हटलं की पायाला धूळ लागते आणि कानाला किस्से. धूळ घरी येऊन धुता येते. किस्से मात्र साचत जातात!

आमची फेरी अगदी साधी. सकाळी परभणी स्टेशनबाहेर जमायचं आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात गावात जिथं जिथं काही घडलं, त्या जागा बघत बघत पायी जुन्या तुरुंगापर्यंत जायचं. तिकीट नाही, नाव नोंदवणं नाही. देश स्वतंत्र झाल्यावरही वर्षभर मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, आणि ते राज्य घालवायला इथली माणसं लढली, हे इथल्याच पोरांना माहीत नसतं. म्हणून हा उद्योग.

सांगणारे आम्ही तिघं. मी शाळेतून रिटायर झालेली, इतिहास शिकवायचे. मठपती काकांनी कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केलंय. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की माईक लाजावा. तिसरे सलीमभाई. त्यांचं टायरचं दुकान रविवारी बंद असतं, आणि घरी बसवत नाही.

*

पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. सलीमभाईसुद्धा नाहीत, ते तेव्हा आमच्यात नव्हते. मी अन् काका, बस्स.

मी घड्याळ बघत होते, रस्ता बघत होते. शेवटी म्हटलं, "काका, जाऊ या का घरी?"

"घरी कशाला? सुरू करा."

"पण ऐकायला कोण आहे?"

"मी हाय की! तुमी सांगा, मी ऐकतो. पुढच्या चौकात मी सांगतो, तुमी ऐका."

खरंच केलं तसं. पहिल्या चौकात मला लाज वाटत होती. दुसऱ्या चौकात दोन ऑटोवाले येऊन उभे राहिले. तिसऱ्यात चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. कचेरीपाशी पोचलो तेव्हा मागं चांगला घोळका होता. त्यातला एक टायर दुकानदार शेवटी पुढं येऊन म्हणाला, "मॅडम, अगले संडे कितने बजे?"

ते सलीमभाई.

*

एका चौकातल्या भिंतीवर हुतात्म्यांच्या नावांची दगडी पाटी आहे. एका रविवारी बघतो तर पाटी गायब! तिच्यावर भलंमोठं फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, गॉगल लावलेला तरुण नेता, खाली 'भावी नगरसेवक'.

मी चिडले. म्हटलं, तक्रार करू. काका म्हणाले, "तक्रार कशाला? आमंत्रण द्या."

काका स्वतः त्याच्या घरी गेले. "पुढच्या रविवारी प्रमुख पाहुणे म्हणून या," म्हणाले. आला की तो! पांढरा शर्ट, मागं चार कार्यकर्ते. काकांनी त्याला बरोबर त्या फ्लेक्सपुढं उभं केलं आणि हुतात्म्यांबद्दल असं बोलले, असं बोलले, की पोराचे डोळे भरून आले.

"काका, एवढे मोठे लोक!" तो म्हणाला. "त्यांची नावं कुठं लिहिलेली हायत का न्हाईत?"

"हायत की. तुमच्या फोटोच्या मागं!"

फ्लेक्स त्यानं स्वतःच्या हातानं फाडलं. आता त्या भिंतीवर दुसऱ्या कुणी काही लावलं तर पहिला फोन त्याचा येतो.

*

मुंबईच्या एक पाहुण्या बाई होत्या. उत्साही. सारख्या प्रश्न विचारायच्या.

"ते 'जगात जर्मनी, भारतात परभणी' का म्हणतात हो?"

सलीमभाई चालता चालता म्हणाले, "मालूम नहीं, मॅडम. जर्मनीवाल्यांना विचारा. त्यांच्यात बी कुणाला तरी आमच्याबद्दल माहीत असंल!"

*

सलीमभाईंचाच दुसरा. पुण्याचे एक गृहस्थ होते. सलीमभाई रझाकारांच्या जुलमाबद्दल सांगत होते, आणि हे गृहस्थ अस्वस्थ. शेवटी त्यांनी सलीमभाईंना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, आवाज हळू होता.

"राग मानू नका. पण हे सगळं तुम्हाला सांगायला अवघड नाही का जात?"

"अवघड? कायकू? आमचे दादा, म्हणजे आजोबा, तुरुंगातच होते त्या टायमाला."

"अच्छा! पहाऱ्यावर?"

सलीमभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत, साहेब. आत."

ते गृहस्थ पुढची अख्खी फेरी सलीमभाईंच्या शेजारून चालले. जाताना त्यांना पुण्याला येण्याचं आवतण देऊन गेले.

*

चारठाण्याहून एका शाळेची पोरं आली होती. काका झेंड्याची गोष्ट सांगत होते. त्या काळी इथं तिरंगा लावला की पोलीस धरून न्यायचे. पुढच्याच रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती काही काकांना सोडेना.

"मग लावलाच न्हाई का झेंडा?"

"लावला की!"

"लावणाऱ्याला धरलं?"

"धरलं."

"मग?"

"मग दुसऱ्यानं लावला."

"त्याला बी धरलं?"

"त्याला बी धरलं."

"मग झेंडा?"

"तिसरा तयारच होता, बाई!"

मुलगी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "त्या रांगेत पोरी होत्या का?"

 काका माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, आता तुमी सांगा." मी सांगायला लागले, ते शाळेची बस हॉर्न वाजवेपर्यंत सांगतच होते.

*

काकांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. आम्ही हळहळलो, आता फेरी दोघांवरच.

पुढच्या रविवारी स्टेशनबाहेर एक ऑटो येऊन थांबला. आत काका, मांडीवर पाण्याची बाटली.

मी ओरडलेच. "काका! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चालू नको म्हणले. बोलू नको म्हणले न्हाईत!"

तेव्हापासून आमच्या फेरीत पुढं माणसं चालतात आणि मागून पहिल्या गिअरमध्ये ऑटो येतो.

*

राणीसावरगावाहून एक आजी आल्या होत्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. ऐंशीच्या पुढच्या. नातसून सोबत होती. आम्ही म्हटलं, ऑटोत बसा. बसल्या नाहीत. काठी टेकत, थांबत थांबत, पूर्ण फेरी चालल्या. 

तुरुंगाच्या मागच्या भिंतीशी आलो तेव्हा त्याच थांबल्या. तिथं आता सरकारी गोडाऊन आहे, रविवारी कुलूप असतं.

"माझा दादा हितं होता," आक्का म्हणाल्या. "सत्याग्रहात धरला. आमाला भेटू देत नव्हते. मग आई मला हितं आणायची, या भिंतीपाशी. मी लय बारीक होते. आई म्हणायची, तुझा आवाज चढा हाय, तू हाक मार."

"मग?" मी विचारलं.

"मी हाक मारायची. आतून दादा ओ द्यायचा. तेवढं ऐकलं की आई घरी जाऊन जेवायची."

"आणि सुटले का ते?"

आक्कांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

मग त्यांनी काठी नातसुनेच्या हातात दिली. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या वयात, कुठून आला कोण जाणे, असा खणखणीत आवाज काढला.

"दादा ऽऽऽ!"

रस्त्यावरचे लोक थांबले. आम्ही सगळे माना खाली घालून उभे.

आणि भिंतीच्या पलीकडून आवाज आला.

"ओ ऽऽ!"

पुरुषाचा आवाज. स्वच्छ. सगळ्यांनी ऐकला.

सलीमभाई दचकून वळले. "कौन है अंदर? ताला तो लगा हुआ है," म्हणत पुढच्या दाराकडं पळायला लागले. आक्कांनी त्यांची बाही धरली.

"ऱ्हाऊ दे बाबा," त्या म्हणाल्या. "ओ दिली न्हवं? चला आता, मला भूक लागली."