सत्तावीस इंचांतले बाबा

गेलं वर्षभर मी एक कॉम्प्युटर घेत होतो. कोणीही विचारलं तरी माझं उत्तर तयार असायचं, "घेतोय, विचार चालू आहे." पडदा, डबा, स्पीकर, कॅमेरा सगळं एकाच पातळ पाटीत बसवलेलं आणि मागून फक्त एक वायर निघालेली, असं ते यंत्र. पडदा सत्तावीस इंची. कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की हे सर्जनशील व्यावसायिकांसाठी बनवलं आहे. ते वाक्य वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. तोवर मला सर्जनशील असं कोणी म्हटलं नव्हतं. बोरीवलीत मला फ्लेक्सवाला म्हणतात.

चौकाचौकांत बांबूला बांधलेले जे बोर्ड दिसतात, ते मी घरी बसून बनवतो. वाढदिवस, निवड, दहीहंडी, भावपूर्ण श्रद्धांजली. माझ्या कीबोर्डवरचं एस अक्षर कधीच पुसलं गेलंय, कारण शुभेच्छा, शुभेच्छुक आणि श्रद्धांजली हे सगळं त्याच्यावरच चालतं. धंद्याचे नियम साधे आहेत. साहेबांचं डोकं सगळ्यांत मोठं. खालच्या रांगेतल्या शुभेच्छुकांची डोकी एका मापाची, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोर्ड फाटलेला सापडतो. आणि माणूस कोणीही असो, जिवंत किंवा मेलेला, तो निदान दहा वर्षांनी तरुण दिसला पाहिजे. त्यासाठी फोटो उघडला की आधी चेहऱ्यावरून हात फिरवायचा. खड्डे, डाग, चामखिळी, डोळ्यांखालचं काळं, सगळं गायब. याला आमच्यात 'साफ करणं' म्हणतात. बावीस वर्षांत अर्धी बोरीवली मी साफ केली आहे.

हे सगळं ज्याच्यावर केलं तो माझा जुना कॉम्प्युटर म्हणजे जोडून आणलेला डबा. त्याचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं असतं आणि त्याच्या पोटात टेबल फॅनचा वारा सोडलेला असतो. मे महिन्यात घरात एकच पंखा चालू असेल तर तो त्याला, आम्हाला नाही. मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळसर झाक आली आहे. त्या कोपऱ्यात मी कधीच साहेबांना बसवत नाही.

तर तुलना सुरू झाली. मी एक तक्ता केला. एका बाजूला नव्याचे गुण, दुसऱ्या बाजूला दोष. गुण: पडद्यावर अब्जावर रंग दिसतात. दोष: फ्लेक्स छापणाऱ्या मशीनला चार शाया माहीत आहेत. गुण: इतका पातळ की बाजूने पाहिलं तर दिसतच नाही. दोष: पण मी बाजूला बसून काम करत नाही. गुण: सगळं एकात. दोष: एक बिघडलं की सगळं एकदम दुकानात. गुण: आवाज होत नाही. दोष: आमच्या घरात तो असाही ऐकू आला नसता. रोज दोन-तीन व्हिडिओ बघायचो. त्यात दाढी राखलेली तरुण मंडळी त्या यंत्राच्या पाठीवरून हळुवार हात फिरवत बोलायची. इतक्या मायेने मी मुलीच्या पाठीवरूनही हात फिरवला नसेल.

घाटकोपरला माझा एक मित्र फ्लेक्स छापतो. त्याला विचारलं तर तो हसलाच. "अरे, तुझा बोर्ड लोक रिक्षातून बघतात. सिग्नल सुटला की संपला. त्याला सत्तावीस इंची पडदा? उद्या म्हणशील कचऱ्याच्या गाडीला एसी लावतो." मी त्याला म्हटलं, तुला कला कळत नाही. तो म्हणाला, "नाही कळत यार, पण माझं पोट तिच्यावरच चाललंय."

बायकोचा प्रश्न वेगळाच होता. आमचं घर वन रूम किचन. टेबल एकच. दिवसा माझं, संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाचं, आणि रविवारी त्यावर बायकोची इस्त्री. ती म्हणाली, "तू घे रे, मी नाही म्हणतच नाही. ठेवणार कुठे तेवढं सांग. सगळं एकात म्हणतोस ना? आपलं घरच सगळं एकात आहे." यावर मी तक्त्यात 'जागा कमी लागते' असं गुणांच्या बाजूला लिहिलं आणि तिला दाखवलं नाही.

असा तराजू वर्षभर खाली-वर होत राहिला असता. पण माझ्याकडे एक हुकमी वजन होतं. ते म्हणजे बाबांचा फोटो.

बाबा मागच्या वर्षी गेले. गिरणी बंद पडल्यावर ते एका औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. फोटो काढून घ्यायचा त्यांना मनापासून राग यायचा. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते आहेत, पण फोटोग्राफरने त्यात सगळ्या वऱ्हाडाला मैदा फासला आहे. मोबाइलवर आहेत, तर मोबाइल आपणहून प्रत्येकाला गोरा करतो. भरल्या गालांचा, समोर बघणारा असा एकच फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. निवृत्तीच्या दिवशी ते कार्ड परत द्यायचं होतं, म्हणून मी आदल्या दिवशी ते स्कॅन करून ठेवलं होतं. तेराव्याला त्याचाच मोठा फोटो काढून फ्रेम केली आणि ती फ्रिजवर ठेवली.

आई रोज त्यापुढे उदबत्ती लावायची आणि जरा वेळ बघत उभी राहायची. एकदा म्हणाली, "चांगला आलाय फोटो. पण पुरते आले नाहीत ते."

"म्हणजे?"

"काय ते सांगता नाही येत. काहीतरी राहिलंय."

मी तिला रिझोल्यूशन समजावून सांगितलं. फोटो मुळात एवढासा, तो ताणून मोठा केला की बारकावे जातात, शिवाय माझा पडदा जुना, त्यावर बारीक काम दिसत नाही. नवीन घेतला की बघ, बाबा समोर बसल्यासारखे दिसतील. आईने मान डोलावली. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी ती पुन्हा तेच म्हणायची, काहीतरी राहिलंय रे, आणि मी पुन्हा रिझोल्यूशन सांगायचो. खरं सांगतो, मला त्यात बरं वाटायचं. बायको जागा काढते, मित्र रिक्षा काढतो, पण आईच्या समाधानापुढे कोण काय बोलणार? वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मी जाहीर केलं की आता विचार संपला. आईला घेऊन अंधेरीच्या शोरूममध्ये जायचं, बाबांना त्या पडद्यावर बघायचं, आणि तिने हो म्हटलं की घ्यायचा.

आई इरकल नेसून निघाली. पेन ड्राइव्ह मी शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने चाचपत होतो.

शोरूममध्ये देवळासारखी शांतता होती, फक्त चपला बाहेर काढायला सांगत नव्हते. विक्रेता मध्यमवयीन, अतिशय गोड बोलणारा. मी काय करतो ते त्याने विचारलं. मी म्हणालो, "डिझाइन." त्याने लगेच मला 'सर' म्हणायला सुरुवात केली. बाबांचा फोटो त्याने यंत्रात घातला आणि एक बटण दाबलं. हे यंत्र म्हणे स्वतःच चेहरा सुधारतं. बघता बघता बाबांचे गाल तुकतुकीत झाले, ओठांवर हसू आलं, केसांना चमक आली. दुसरं बटण दाबलं तर अंगात कोट आला, टाय आला. जन्मभर अर्ध्या बाहीचा शर्ट घातलेला माणूस एखाद्या बँकेच्या संचालक मंडळावर निवडून आल्यासारखा दिसायला लागला.

"देखिए आंटीजी, अंकल कितने फ्रेश लग रहे हैं!"

आईने चष्मा पुसला, पुढे होऊन नीट पाहिलं आणि मला विचारलं, "बरे आहेत. कोण हे?"

विक्रेत्याला मराठी कळत असावं, कारण त्याने तो सगळा साज घाईघाईने उतरवला. पडद्यावर पुन्हा मूळ फोटो आला, पण सत्तावीस इंची. आई पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास त्यावर उमटला. मग तिने एक बोट बाबांच्या गालावर ठेवलं आणि इकडून तिकडे फिरवायला लागली. गोधडीत हरवलेली सुई शोधावी तसं. विक्रेता हातात मऊ फडकं घेऊन मागे तयारच उभा होता.

"चामखीळ खंय गेली?" आई म्हणाली. घाबरली किंवा चिडली की तिला मालवणी येते.

"कसली चामखीळ?"

"तुझ्या बाबांची! गालावरची. हीच तर राहिली होती. वर्षभर मी डोकं फोडतेय काय राहिलं, काय राहिलं."

मी रिझोल्यूशन म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्या पडद्यावर मला दिसलं. कपाळावर, नाकावर, हनुवटीवर स्कॅनचे दाणे होते, रवा सांडल्यासारखे. दोन्ही गालांवर मात्र चार-पाच ठिकाणी दाणा नव्हता. तिथे गुळगुळीत गोल होते, कडा अलगद मिसळलेल्या. ते काम मी ओळखलं. स्कॅन केला त्या दिवशी फोटो उघडल्यावर, कोणी न सांगता, सवयीने मी बाबांना साफ केलं होतं. आणि त्याच नावाने सेव्ह केलं होतं. माझ्या जुन्या पडद्यावर हे मला कधी दिसलं नाही. यंत्राबद्दल जाहिरातीत जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, एकही डाग त्याच्यापासून लपत नव्हता.

मला लाज वाटली. शोरूममध्ये, त्या गोड माणसासमोर, कानापर्यंत गरम होऊन लाज वाटली. विक्रेता म्हणाला, "सर, बुक कर दूँ?" मी म्हणालो, कळवतो. निघताना मागे पाहिलं तर तो आईच्या बोटाचा ठसा पुसत होता.

मेट्रोत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. मालाड आलं तेव्हा मी तिला सांगून टाकलं. मीच पुसली, चुकून, हाताच्या सवयीने, मूळ फोटो आता कुठेच नाही. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पुसलीस ना? मग काढ परत."

घरी आल्यावर जुना डबा चालू केला. टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. बायकोने मुलीची वह्यापुस्तकं उचलून टेबल मोकळं करून दिलं आणि आईसाठी स्टूल आणून ठेवलं. मी सगळ्यांत बारीक ब्रश घेतला. बावीस वर्षांत चेहऱ्यावरचं काही पुसायचं सोडून त्यावर काही काढायची ही पहिलीच वेळ.

"केवढी होती?"

"तांदळाच्या कणीएवढी. काळी नको करू, तपकिरी."

मी बाबांच्या डाव्या गालावर काढली. नाकापासून दोन बोटं, जरा खाली. रंग बरा जमला होता. आईकडे पाहिलं.

"तिथे नाही," ती म्हणाली. "उजव्या."

"नक्की?"

"जेवायला बसले की भिंतीकडचा गाल. मी भिंतीला टेकून वाढायची, मला रोज दिसायची. तू दाराकडे बसायचास, तुला कुठून दिसणार?" तिने पडद्यावर बोट टेकवून जागा दाखवली. मी डावीकडची पुसली आणि तिच्या बोटाखाली नवी काढली. तिने मागे सरकून पाहिलं. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "हां. आता आले."

बायकोने विचारलं, "मग तो नवीन घ्यायचाय की नाही?" मी म्हणालो, बघू.

आई मला सूट देत होती हे मला कळत होतं. दाराकडे बसायचो हे खरं. पण शेवटचे दोन महिने बाबांना हात उचलवत नव्हता, तेव्हा त्यांची दाढी मीच करायचो, एक दिवसाआड. आणि कापू नये म्हणून दर वेळी त्या कणीएवढ्या जागेपाशी ब्लेड उचलून पलीकडे ठेवायचो.