चांगलं ओळखणारं माणूस

दवाखान्यातून फोन करणारी मुलगी म्हणाली, "सकाळी उपाशीपोटी या, चष्मा आणा, आणि तुम्हाला चांगलं ओळखणारं एक माणूस सोबत आणा." उपाशी राहणं मला जमण्यासारखं होतं. चष्माही घरातच कुठंतरी होता. तिसऱ्या वस्तूसाठी मात्र फोन ठेवल्यावर मी घरभर नजर फिरवली, जणू तीही कपाटावर ठेवून विसरलो असेन.

प्रकार असा होता. माणूस विसरायला लागतो, त्याच्या कितीतरी वर्षं आधीच त्याच्या मेंदूत कसलीशी प्रथिनं साचायला लागतात म्हणे. त्यांची खूण रक्तात सापडते का, मेंदूच्या फोटोत काही दिसतं का, म्हणजे अल्झायमर लवकर ओळखता येईल का, याचं संशोधन बेळगावातल्या एका दवाखान्यात चाललं होतं. त्यांना साठी ओलांडलेली, पण अजून धड असलेली माणसं हवी होती. चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना सांगितलं की तपासणीनंतर फुकट इडली मिळते म्हणून जातोय. लोकांना ते लगेच पटलं. माझ्याबद्दल लोकांना असल्या गोष्टी लगेच पटतात.

खरं कारण आमचा थोरला भाऊ. शेवटी शेवटी मी दारात गेलो की तो विचारायचा, "कुणाकडं आलाय?" मी म्हणायचो, "भावाकडं." त्यावर तो खुशीत सांगायचा, "माझाबी एक भाऊ हाय. लई वांड हाय. आत्ताच शाळेला गेला." त्याचं हे सगळं ज्या वयात सुरू झालं, त्या वयाला आता मी आलोय. स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही. या वयात सगळ्यांचंच असं होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण सगळ्यांनी माझा भाऊ बघितलेला नाही.

आता ओळखणारं माणूस. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगा पुण्यात. त्याला कळवलं असतं तर तो रजा टाकून आला असता, आणि जाताना मलाही बॅगेत भरून घेऊन गेला असता. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात पूर्वी चार पॉवरलूम होते, त्यांवर माणसं होती. माग विकले तशी माणसंही गेली. राहिला तो टपरीवरचा पाव्हणा.

त्याला सगळे पाव्हणा म्हणतात, कारण तो मुलीच्या घरी राहायला आलाय. जांबोटीकडचा. भात, गुरं, पाऊस, जंगल, यांतून उठून दोन वर्षांपूर्वी इकडं आला, तरी अजून पाव्हणाच. बोलतो कमी. मी बोलतो, तो ऐकतो आणि हसतो. यापेक्षा जास्त ओळख माणसाला कशाला लागते, असं मला वाटलं. फोनवर मी बेधडक सांगून टाकलं, मेव्हण्याला घेऊन येतो.

स्कूटरवर मागे बसवून मी त्याला पढवत होतो. "नातं विचारलं तर बहीण दिलीया म्हणायचं."

"कुणाची कुणाला?"

"ते विचारत नाहीत."

दवाखान्यात पोचताच त्या फोनवाल्या मुलीनं विचारलंच. मी सांगितलं, यांची बहीण माझी बायको. तेवढ्यात मागून तो मोठ्या उत्साहानं म्हणाला, "यांची भन माझ्यात दिलीया." मुलगी आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. ती निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक, पोरगी चलाख. म्हणाली, "साटंलोटं झालं होतं काय?"

"व्हय व्हय, साटंलोटं!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. एका खोट्या बहिणीच्या दोन झाल्या.

रक्त काढलं. मग आठवणीची परीक्षा. वार, महिना, साल, मजला, गाव. मग तिनं विचारलं, "आपण कोणत्या राज्यात आहोत?"

मी म्हणालो, "बाई, ते अजून कोर्टात आहे."

ती हसली. पण पेन तसंच धरून म्हणाली, "अण्णा, मार्क जाईल बघा."

उभी हयात त्या प्रश्नावर गावभर घोषणा ऐकल्या, दोन-चार मीही दिल्या. आणि एका मार्कासाठी मी इकडंतिकडं बघून हळूच "कर्नाटक" म्हणालो. बाहेर पाव्हण्याला ऐकू गेलं नाही ना, हेही दारातून डोकावून बघितलं.

मग एमआरआय. नळीत आडवं घातलं, कानात बोळे दिले आणि बजावलं, हलायचं नाही, डोळे उघडे ठेवायचे, समोरच्या फुलीकडं बघत राहायचं. घाबरू नका, म्हणाले, आवाज फार होतो. आणि आवाज सुरू झाला. खडखड, खडखड, मध्ये ठोका, पुन्हा खडखड. अहो, हा तर माग! मागाच्या शेजारी पाळण्यात वाढलेला माणूस मी. आमच्या घरात पोरं आवाजानं झोपायची आणि वीज गेली की दचकून उठून रडायची. माग विकल्यापासून मी अंथरुणात छताकडं बघत पडतो, सगळं घर कसं सुन्न असतं. इथं दोन मिनिटांत घोरायला लागलो. भोंग्यातून कुणीतरी हाका मारत होतं, "आजोबा, झोपू नका! मान हलली!" ते सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी जागा राहिलो, फार नाइलाजानं.

बाहेर आल्यावर इडलीची बशी हातात दिली आणि एका बाकावर बसवलं. बाकामागे प्लायवूडचा आडोसा, त्यापलीकडं ती मुलगी आणि पाव्हणा. आता त्याला माझ्याबद्दल विचारायचं होतं. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. उठून लांब बसावं हे मला सुचलं, पण चटणी चांगली होती.

"हे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात का?"

"व्हय." विचारसुद्धा केला नाही पठ्ठ्यानं.

"कधीतरी, की नेहमी?"

"रोज. ती निपाणीच्या लग्नाची तर मला तोंडपाठ हाय."

"कसली?"

"चुकीच्या मांडवात शिरलं, जेवलं, आहेर दिला, फोटोबी काढला. बोलावणं हुतं ते लग्न पलीकडच्या हॉलात, ते घरी आल्यावर कळलं."

मुलगी खळखळून हसली. तीच गोष्ट मी सांगतो तेव्हा समोरच्याचा चहा थंड होतो.

"हे आधीपासून आहे, की अलीकडं वाढलंय?"

"आधीचं मला काय ठावं, बाई?"

"घरात गॅस चालू ठेवून विसरणं, वस्तू भलतीकडंच ठेवणं, असलं काही?"

"घरात मी कवा गेलो न्हाय."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"तुम्ही मेव्हणे ना?"

"भन दिलीया," तो चाचरत म्हणाला. "पर घरात गेलो न्हाय."

"बरं. जेवण, झोप? उदास असतात का?"

"ते हसवत्यात, बाई. दुसरं कायबी बोलत न्हाईत."

बशी बाकावर ठेवून मी आत गेलो. शर्टावर चटणी सांडलेली होती, ते मला नंतर दिसलं. म्हणालो, "हा माझा मेव्हणा नाही. टपरीवर भेटतो. त्याला मीच खोटं बोलायला लावलं."

पाव्हणा मान खाली घालून बसला होता, मास्तरांनी पकडल्यासारखा. मुलीनं पेन खाली ठेवलं. "इरली बिडी," ती कन्नडमध्ये म्हणाली, म्हणजे असू द्या, सोडा. मग मराठीत आली. "रक्त आणि फोटो आम्ही बघू, अण्णा. पण तुमच्यात फरक पडलाय का, हे विचारायला कुणीतरी लागतं. दुसरं कुणी नाही का?"

होती एक. चारचौघांत मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सुरू केली की ती मागून माझी बाही ओढायची. "झालंय सांगून." फरक पडला असता तर तिला त्याच दिवशी कळलं असतं, रक्तबिक्त न काढता. ती गेल्यापासून मला कुणी अडवलं नाही, आणि मला वाटत होतं माझ्या गोष्टी सुधारल्या.

"नाही," मी म्हणालो.

तिनं पाव्हण्याला विचारलं, "तुम्ही रोज भेटता?"

"पावसातबी."

"मग हेच चालतील," ती मला म्हणाली. "नातं काय लिहायचं ते मी बघते. पुढच्या वर्षी हेच प्रश्न पुन्हा विचारणार, तेव्हा खरं सांगायला पाहिजे. तोवर यांना घरात तरी बोलवा."

"आणि माझ्या रक्तात काय निघालं ते?"

"एकेकाला सांगत नाही, अण्णा. संशोधनासाठी आहे. काळजीचं काही दिसलं तर डॉक्टर फोन करतील."

म्हणजे माझ्या मेंदूचा फोटो सगळे बघणार, मी सोडून. तेव्हापासून नवा नंबर वाजला की मी आधी खुर्चीत बसून घेतो. मग कुणीतरी कर्ज हवंय का विचारतं आणि मी त्याच्याशी फार प्रेमानं बोलतो.

 परत येताना स्कूटरवर मी विचारलं, "तेच ते सांगतोय म्हणून कधी बोलला का नाहीस रं?"

"बोलून काय करू? तुमी गप बसला असता."

"बसलो असतो."

"मग मी दिवसभर कुणाचं ऐकायचं?"

 मी उगाच हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

घरापाशी उतरल्यावर मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. इथून पुढं मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागलो की लाज न धरता सांगायचं, झालंय म्हणून. मला ते कळायलाच पाहिजे. दवाखाना सांगणार नाही, मुलाला मी सांगणार नाही, तेव्हा तूच. त्यानं गंभीरपणे मान हलवली.

रविवारी तो घरी आला. बाहेर चपला काढल्या, आत येऊन उभ्या उभ्याच चौकशीला आल्यासारखं सगळीकडं बघितलं आणि सरळ जाऊन गॅसचं बटण तपासलं. बंद होतं. दोघांनाही बरं वाटलं. त्यानंतर तो दर रविवारी येतो.

परवाच्या रविवारी माझ्याकडं एक कोरी करकरीत गोष्ट होती. शहापुरातल्या देवळातून मी घरी आलो तो दोन्ही पायांत डाव्या चपला घालून, त्याही दोन वेगवेगळ्या माणसांच्या. रस्ताभर मला वाटत होतं, रस्ताच वाकडा आहे. मी चहा ओतला आणि सुरुवात केली. अर्ध्यात आलो आणि तो जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतोय असं वाटलं. मी थांबलो.

"हे मी तुला सांगितलंय काय?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, एक घोट घेतला.

"न्हाय," तो म्हणाला. "सांगा की."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. जांबोटीच्या माणसाच्या तोंडावर काही वाचता येत नाही, पावसात धुऊन गेल्यासारखं असतं सगळं. मग मी पुढं सांगत गेलो. देवळाची पायरी, गर्दी, वाकडा रस्ता. जिथं हसायचं तिथं तो हसला. थोडासा आधीच.